सेहेचाळीस हसरे चेहरे

मी एक जुना मोबाइल आहे. माझी काच वरच्या कोपऱ्यात तडकली आहे, आवाज वाढवायचं बटण एकदा आत गेलं ते परत बाहेर आलंच नाही, आणि माझ्या पोटात सेहेचाळीस हसरे चेहरे साठवलेले आहेत. त्यांतला एकही खरा नाही. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की म्हणतात, बघा, मी किती कामाला आलो! मलाही तसं म्हणायला आवडलं असतं. पण ज्या वेळी कामाला यायचं त्या वेळी मी आलो नाही. म्हणून माझी गोष्ट जरा कडू आहे. तरी ऐका.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. माझ्यासारखी हजारो भावंडं एका पट्ट्यावरून सरकत होती, त्यामुळे लाड असे कुणाचेच झाले नाहीत. डोळे उघडले ते थेट अमरावतीच्या एका दुकानात. समोर नितेश उभा होता. मोर्शीकडच्या भाजीपाला पिकवणाऱ्या घरातला हा मुलगा नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात नुकताच लागला होता. त्याने मला हातात घेतलं, शर्टाच्या टोकाने पुसलं, पुन्हा बघितलं आणि पुन्हा पुसलं. तेवढं प्रेम मला त्यानंतर कधी मिळालं नाही, पण पहिल्या दिवसाच्या कौतुकावर आम्ही मोबाइल बरीच वर्षं काढतो.

पहाटे साडेपाचला मी ओरडायचो आणि नितेश पहिल्या पाळीला पळायचा. कारखान्यात आत मोबाइल न्यायची परवानगी नव्हती. दारातल्या लोखंडी कपाटात आम्ही सगळे फोन एकमेकांना खेटून पडून राहायचो. पाळी सुटली की मी खिशात. खिशातून काही दिसत नाही, ऐकू मात्र सगळं येतं. नितेशचं लग्न ठरलं तेही मीच आधी ऐकलं.

आरती अकोल्याच्या जुन्या शहरातली. तिची आई सत्यवतीबाई तिथल्या बाजारात भाजी विकते. आरती बोलायला मोजकी, पण भाजीवाल्याशी घासाघीस करायला लागली की समोरचा माणूस हात जोडायचा. ती आली आणि नितेश राहायचा त्या नांदगाव पेठच्या दोन खोल्यांत जीव आला. नितेशची आई रुख्मिणीबाई तिथेच राहायची. सासू तोंडाने फटकळ होती, पण सुनेचे पाय दुखले तर तेल घेऊन बसणारी होती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे तुम्हाला तिचा राग येईल.

वर्षभराने आरतीला दिवस गेले. तिसरा महिना लागला तेव्हा गावातल्या आशा सेविका माणिकबाई घरी आल्या. त्यांनी मला हातात घेतलं आणि माझ्यात एक नवं ॲप घातलं. त्याचं नाव ‘आपण तिघं’. पहिल्यांदाच आईबाप होणाऱ्यांसाठी ते काढलेलं होतं. गोळ्या कधी घ्यायच्या, काय खायचं हे तर त्यात होतंच, पण त्याचं खरं काम वेगळं होतं. रोज संध्याकाळी सात वाजता ते विचारायचं, ‘आज मन कसं आहे?’ खाली पाच चेहरे असायचे, खदखदून हसणाऱ्यापासून रडणाऱ्यापर्यंत. आईचं पान वेगळं आणि बाबांचं पान वेगळं. कुणी सलग तीन दिवस रडका चेहरा दाबला, तर चौथ्या दिवशी एक समुपदेशक ताई फोन करणार.

“पोटुशी बाई नुसती पोटानं भारी नसते,” माणिकबाई म्हणाल्या. “मनानंबी भारी असते. अन् बापाचंबी तसंच हाय, पण थो सांगत नाई.”

नितेश हसला. बाबांचं पान त्याने त्या दिवशी उघडलं नाही आणि पुढेही कधी उघडलं नाही.

आईचं पान मात्र दोघं मिळून उघडायचे. संध्याकाळी उंबऱ्यावर बसायचं, मला मध्ये धरायचं आणि आरतीने बोट ठेवायचं. त्या दिवसांत तिचं बोट खरं बोलायचं. ओकाऱ्यांनी ती बेजार झाली होती. एकदा तिने सलग तीन दिवस रडका चेहरा दाबला. चौथ्या दिवशी नितेशची सुट्टी होती, तो अंघोळीला गेला होता आणि मी वाजलो. रुख्मिणीबाईने मला उचललं. पलीकडून ती ताई नम्रपणे म्हणाली, आरतीताईंशी थोडं मनमोकळं बोलायचं होतं.

“काहून?” रुख्मिणीबाईचा आवाज चढला. “आमच्या सुनेचं डोकं फिरलं काय?” आणि तिने मला बंद केलं.

नितेश बाहेर आला तर ती त्याच्यावरच तुटून पडली. “दोन जीवाची बाई हाय थे. तिच्या मांगं हे डोक्याचे डॉक्टर कायले लावले रे? चार लोकायले समजलं तं तोंड दाखवाले जागा राह्यन काय? असं रडकं-बिडकं दाबू नका म्हणा तिले.”

नितेश ओले केस पुसत राहिला. आरती आत पोळ्या करत होती, तिने सगळं ऐकलं. त्या संध्याकाळपासून ती मधला चेहरा दाबायला लागली. तो हसतही नाही आणि रडतही नाही. घरात कुणाचीच तक्रार राहिली नाही.

मग शंभर दिवस पूर्ण झाले. ॲपने माझ्या काचेवर फुलं उधळली आणि एक प्रमाणपत्र दिलं, ‘आदर्श जोडपं’. माणिकबाईंनी बायकांच्या बैठकीत मला वर धरून सगळ्यांना दाखवलं. “पाहा, एक दिवस नाई चुकला या पोरानं!” मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मी फुगलो होतो. नितेश तर इतका फुगला की कारखान्यातल्या रोहितला, चहावाल्याला, बसमधल्या अनोळखी माणसालाही त्याने ते प्रमाणपत्र दाखवलं. एक दिवस चुकवायचा नाही, हे त्याच्या डोक्यात त्या दिवसापासून पक्कं बसलं.

आमच्या वऱ्हाडात पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सातव्या महिन्यात आरतीचं डोहाळजेवण झालं आणि तिला न्यायला सत्यवतीबाई यायच्या होत्या. आदल्या दिवशी माणिकबाई पुन्हा आल्या.

“नितेशभाऊ, हा फोन तिच्यासंग धाडा. बाई तिथी अन् ॲप अथी, हे कसं चालन?”

“मले पाळीचे मेसेज याच्यावरच येतात, माणिकताई,” नितेश म्हणाला. “तिच्यापाशी बटनवाला हाय ना. मी रोज फोन करीन, इचारीन अन् भरून टाकीन. एक दिवस चुकणार नाई.”

“तिचं मन तुमी कसं भरसान?”

“बायकोचं मन मले नाई समजणार तं कोनाले समजन?”

सगळे हसले. आरतीही हसली. मला एवढंच सांगायचं आहे की नितेशच्या मनात तेव्हा काही वाईट नव्हतं. बायको दूर जाणार होती, आणि रोज तिची चौकशी करण्याचं काम त्याने स्वतःहून मागून घेतलं होतं.

त्या दुपारी नितेश तिची पिशवी भरायला काहीबाही आणायला गेला. मी चार्जिंगला लावलेला होतो. आरतीने मला काढलं, आत जाऊन दार लोटलं आणि ॲपमधलं एक पान उघडलं, ‘मनातलं’. तिथे जोडीदारासाठी आवाजात निरोप ठेवता येतो. तिने दोन वेळा सुरू करून बंद केलं. तिसऱ्या वेळी ती बोलली. इतकी हळू, की मला कान ताणून ऐकावं लागलं.

“आवो, तोंडावर नाई सांगता येत म्हून अथी सांगून राहिली. मले तिथी भेव वाटते. ताई बाळंतपणाले आली तवा त्याच मागच्या खोलीत होती. तिथूनच दवाखान्यात नेली तिले, अन् मंग आणलीच नाई. मायनं तिचं नाव घ्यायचं बंद केलं. कोनी काई बोलत नाई. मले वाटते, आता माही पाळी हाय. तुमी फोनवर इचारसान तं मी बरी हाओ म्हणीन, काहून की माय बाजूलेच राह्यन. तवा आताच सांगून ठेवली. मी बरी हाओ म्हटलं तं समजजा, बरी नाई. या मंग तुमी.”

ताई म्हणजे तिची थोरली बहीण रागिणी. चार वर्षांपूर्वी पहिल्या बाळंतपणात ती गेली. नितेशलाही हे ठाऊक होतं, पण सोयरिकीच्या वेळी कानावर पडलेली माहिती म्हणून ठाऊक होतं.

मी माझं काम लगेच केलं. काचेवर पाटी झळकवली, ‘आरतीने तुमच्यासाठी निरोप ठेवला आहे.’ नितेश परत आला तोवर त्या पाटीच्या अंगावर रिचार्जच्या दोन जाहिराती, कारखान्याच्या ग्रुपवरचे सात नमस्कार आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक येऊन बसला होता. नितेशने अंगठ्याच्या एका फटक्यात सगळ्यांना बाहेर काढलं. बाबांच्या पानावर एक लहानसा लाल ठिपका तेवढा उरला. ते पान तो उघडत नसे, हे मी सांगितलंच आहे.

दुसऱ्या दिवशी आरती अकोल्याला गेली.

नितेश शब्दाचा पक्का निघाला. रोज संध्याकाळी, कधी कारखान्याच्या दारातून, कधी घरून, तो तिला फोन लावायचा.

“बरी हायस ना?”

“बरी हाओ.”

“जेवली?”

“जेवली ना. तुमी?”

एवढं झालं की तो समाधानाने आईचं पान उघडायचा आणि हसरा चेहरा दाबायचा. मी काय करणार? मला तिच्या आवाजामागे सत्यवतीबाईंची भांडी ऐकू यायची, बाजूला कुणीतरी बसल्याचा श्वास ऐकू यायचा. ‘बरी हाओ’ म्हणायच्या आधी ती किती थांबते, तेही मी ऐकायचो. पण ऐकणं आणि सांगणं या दोन गोष्टी आम्हाला एकत्र दिलेल्या नाहीत. माझ्याच पोटात तिचा निरोप होता, आणि माझ्याच काचेवर हा भला माणूस रोज त्याच्या उलट लिहीत होता. पलीकडे ती समुपदेशक ताई कुठेतरी बसून पाहत असेल, तर तिला दिसत असेल की आरती दिवसेंदिवस खुशीत आहे. कळीचा प्रश्नच चुकीच्या माणसाने सोडवला, तर मास्तर तरी काय करणार?

तिसऱ्या आठवड्यात नितेश एका रविवारी बसने अकोल्याला गेला. मोर्णा नदी ओलांडून गल्लीबोळांतून आम्ही त्या घरी पोचलो. सत्यवतीबाईंनी जावयासाठी भरीत-भाकरी केली होती. “काई कमी पडू देत नाई मी तिले, जवाईबापू,” त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. “खोली बी मांगची देली. शांत हाय तिथी.”

त्या मागच्या खोलीत आरती पलंगावर बसली होती. समोरच्या भिंतीवर पाटीएवढा एक चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ होता आणि वर एक रिकामा खिळा होता. पोरीला त्रास नको म्हणून आईने रागिणीचा फोटो काढून ठेवला होता. आरती दिवसभर त्या उजळ चौकोनाकडे तोंड करून बसायची. नितेशला तो दिसला नाही. त्याला बायको दिसली, आणि आठवडे मोजून आलेल्या माणसाला तेवढंच दिसणार.

“हास ना थोडी, फोटो काढतो,” तो म्हणाला.

ती हसली. माझ्या कॅमेऱ्याला कुणीतरी हसू ओळखायला शिकवलंय. ओठ फाकले की तो आपणहून फोटो काढतो. डोळ्यांचं त्याला काही शिकवलेलं नाही.

निघताना आरती दारापर्यंत आली. आई आत होती. तिने हळूच विचारलं, “तुमी फोनात काई पायलं काय?”

“रोजच पायतो ना,” नितेश आनंदाने म्हणाला. त्याने मला काढलं आणि तिच्यापुढे धरलं. “हे पाय, एक दिवस चुकला नाई. सारे हसरे.”

आरतीने त्या हसऱ्या चेहऱ्यांच्या रांगेकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. “बरं,” ती म्हणाली आणि आत गेली.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी अनेकदा पडलो, एकदा पाण्यातही पडलो. पण त्या दारात मी जितका मेलो तितका कधी मेलो नाही. तिला वाटलं, त्याने निरोप ऐकला आणि तरीही तो बस धरायला निघाला. त्याला वाटलं, तिला बरं वाटलं.

नवव्या महिन्यात ॲप आणखी एक प्रश्न विचारायला लागलं. ‘बाळाची हालचाल नेहमीसारखी जाणवली का?’ नितेश तोही फोनवर विचारायचा.

ती माहेरी गेल्यापासूनच्या पंचेचाळिसाव्या दिवशी त्याने विचारलं, “बाळ फिरते ना?”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली. मग आरती म्हणाली, “हाव.”

नितेशने ‘हो’ दाबलं. ‘नाही’ दाबलं असतं, तर मी लाल झालो असतो, लगेच दवाखान्यात जा असं मोठ्या अक्षरांत सांगितलं असतं आणि माणिकबाईंचा फोन खणखणला असता. यातलं काहीच झालं नाही.

सेहेचाळिसाव्या दिवशी तिने थांबणंही सोडून दिलं. “हाव, फिरते. तुमी जेवले काय?” नितेशने दोन्ही खुणा केल्या, हसरा चेहरा आणि ‘हो’. तो सलग एकशे बहात्तरावा दिवस होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कारखान्याच्या लोखंडी कपाटात अकरा वेळा वाजलो. कपाटातले बाकीचे फोन निपचित पडले होते. पाळी सुटल्यावर नितेशने मला बाहेर काढलं, पाहिलं आणि तिथेच उभ्या उभ्या फोन लावला.

“जवाईबापू, या तुमी,” सत्यवतीबाई म्हणाल्या. “लवकर या.”

“आरती?”

“आरती हाय. आरती हाय बाप्पा. लेकरू नाई.”

मुलगी होती. पोटातच गेली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नितेशला बाजूला घेऊन विचारलं, दोन दिवस बाळ हललं नाही असं ती आता सांगतेय, आधी कुणाला बोलली नाही का? त्या म्हणाल्या, दोन दिवसांपूर्वी आणली असती तर वाचलंच असतं असं मी म्हणणार नाही, पण बघता तरी आलं असतं. नितेश मान हलवत राहिला. सात वाजता त्याच्या खिशात मी मूर्खासारखा वाजलो आणि विचारलं, आज मन कसं आहे? त्याने मला बाहेरून दाबून गप्प केलं.

आठ-दहा दिवसांनी तो नांदगाव पेठला परतला. आरती माहेरीच होती. ती कुणाशी बोलत नव्हती. माणिकबाई भेटायला आल्या तेव्हा नितेशने मला त्यांच्यापुढे जवळजवळ फेकलंच.

“हे घ्या तुमचं ॲप. काय केलं यानं? एकशे बहात्तर दिवस भरलं मी. काय केलं सांगा!”

माणिकबाईंनी मला उचललं. आधी त्यांनी बाळाचं पान बंद केलं, कारण मी अजूनही दर आठवड्याला बाळ किती मोठं झालं ते सांगत होतो. मग त्या चेहऱ्यांची रांग खाली सरकवत राहिल्या. “नितेशभाऊ, त्याले जे सांगतलं थेच त्याले समजलं,” त्या म्हणाल्या. “हे सारं तुमीच दाबलं ना?” आणि मग त्यांचं बोट थबकलं. “हे काय हाय? बाबांच्या पानावर ठिपका कायचा हाय?”

“जाहिरात असन.”

माणिकबाईंनी ठिपक्यावर बोट ठेवलं. आरतीचा आवाज त्या खोलीत आला. दीड मिनिटाचा निरोप होता. ‘या मंग तुमी’ इथपर्यंत तिघांनी तो ऐकला. माणिकबाई, नितेश आणि दारात उभी असलेली रुख्मिणीबाई. नितेशने मला त्यांच्या हातातून घेतलं आणि जमिनीवर ठेवलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. रुख्मिणीबाई आत येऊन माझ्यापाशी बसली.

“थ्या बाईचा फोन मीच काटला होता,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नितेश अकोल्याला गेला. आरती त्या मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. तो जमिनीवर बसला.

“आरती, मी थे ऐकलं.”

आरतीने भिंतीकडेच बघत विचारलं, “कवा?”

“काल.”

आरती उठून बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. “काल?” ती म्हणाली. “मले वाटलं, तुमी कवाच ऐकलं. थ्या रविवारी तुमी म्हणले ना, रोज पायतो. मले वाटलं, ऐकून बी गेले तुमी. मंग मी सांगनंच सोडून देलं.” तिचा आवाज खाली आला. “बाळ फिरून नाई राहिलं, हे मले समजत होतं. पण सांगतलं असतं तं दवाखान्यात नेलं असतं. ताईले नेलं होतं तसंच. मी म्हटलं, उद्या फिरन. उद्या फिरन.”

दारात सत्यवतीबाई चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. कप तसेच धरून त्या खाली बसल्या. “रागिणी,” त्या म्हणाल्या, “रागिणी व माय.” चार वर्षांत त्या घरात ते नाव पहिल्यांदा घेतलं गेलं. आरती पलंगावरून उतरली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्याने रडली. शेजारच्या बाया धावत आल्या. त्यांना वाटलं, आता काही नवीन झालं.

त्या दिवशी नितेशने मला आरतीपाशी ठेवलं आणि तिचा बटनवाला फोन स्वतः घेतला. ही गोष्ट एका वाक्यात झाली, आणि दोन महिन्यांपूर्वीही ती एका वाक्यातच झाली असती.

आरतीने सलग तीन दिवस रडका चेहरा दाबला. चौथ्या दिवशी समुपदेशक ताईचा फोन आला. या वेळी सत्यवतीबाईंनी मला लेकीच्या हातात दिलं आणि दार बाहेरून ओढून घेतलं. आरती पाऊण तास फोनवर होती. त्यातला निम्मा वेळ ती नुसती रडली, आणि ती ताई घाई न करता ऐकत राहिली. मी तापून लालबुंद झालो होतो, पण बंद पडलो नाही. पुढे ताईंनी सांगितलं तसं आरती सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडे जायला लागली. तिला औषध सुरू झालं. नितेश दर सुट्टीला येऊन तिच्याबरोबर बाकावर बसतो. ती बरी झाली असं मी तुम्हाला सांगणार नाही. कधी दोन दिवस मधला चेहरा असतो, मग पुन्हा रडका. पण जो असतो तो तिच्या बोटाचा असतो.

परवाच्या सुट्टीला तिने स्वतःचं पान भरलं आणि मग बाबांचं पान उघडलं. ते अगदी कोरं होतं. तिने मला मध्ये ठेवलं आणि विचारलं, “तुमाले कसं वाटते?”

“माह्यं काय हाय,” नितेश म्हणाला. “तू सांग.”

“मी सांगतलं. आता तुमी सांगा. मी बसली हाओ.”

ती बसून राहिली. बाहेर भाजीचा हातगाडा गेला, एक मांजर आत डोकावून गेलं. थोड्या वेळाने माझी काच काळी झाली. तिने मला पुन्हा चालू केलं नाही.

“मीच दाबले थे सारे,” नितेश म्हणाला. “माह्या हातानं झालं, आरती. पोरगी माह्या हातानं गेली.”

आरती ‘नाही’ म्हणाली नाही. तसं म्हटलं असतं तर तेही खोटंच झालं असतं. “हाव,” ती म्हणाली. “तुमी दाबले. अन् मी हाव म्हटलं. दोघायनं केलं.” मग तिने त्याचा हात धरला, आणि माझ्या काळ्या काचेत मला ती दोघं दिसली, दोघंही रडत होती. त्या दिवशी बाबांचं पान कोरंच राहिलं.

मित्रांनो, आता माझी बॅटरी दोन तासही टिकत नाही. लवकरच मला एखाद्या डब्यात टाकतील आणि नवा येईल. माझ्यासारख्या वस्तू शेवटी म्हणतात, मला जपा, मला फेकू नका. मला फेकलं तरी चालेल. माझं मागणं एवढंच आहे. घरात कुणी आजारी असेल, पोटुशी असेल, किंवा नुसतंच गप्प गप्प असेल, तर त्याला जाऊन विचारा, कसं वाटतंय? आणि तो बरा आहे म्हणाला तरी उठू नका. जवळ बसून राहा. आणि तेवढा वेळ मला हातातून खाली ठेवा.